आठ सारख्या ओळी

टोपण काळं होतं, प्लास्टिकचं, शेंगदाण्याएवढं, आणि ते सिद्धरामच्या तळहातावर आलं तेव्हा नवा सर्व्हर बसवून झाला होता, सुकन्यानं बसवला होता, एकही चूक न करता, आणि मालक शिवराजअण्णा 'लई भारी' म्हणून गेले होते. सिद्धरामनं मूठ मिटली. मुठीतलं दिसत नाही, म्हणजे ते नाही; टोपण नाही, म्हणजे सर्व्हर बसलेला नाही; म्हणजे अजून सकाळचे दहाच वाजलेत, टॉवेलच्या कारखान्यातल्या या थंडगार खोलीत कुणी कुणाला काही विचारलेलं नाही, आणि एक गोष्ट अजूनही जगात फक्त सिद्धरामलाच माहीत आहे.

ती गोष्ट अशी. खोलीत डिस्कचं एक उभं कपाट आहे आणि जुने तीन सर्व्हर आपलं सगळं त्या एकाच कपाटात ठेवतात. नव्या चौथ्याच्या पोटात तर डिस्कच नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा त्या सामाईक कपाटातच बसवायची. सात वर्षांपूर्वी सिद्धरामनं कपाटाचे चार भाग पाडले — ऑर्डरी, रंगांच्या कृती, हजेरी आणि एक मोकळा — चारही तंतोतंत सारखे, बिननावाचे, कारण माढ्याला त्याच्या वडिलांनी चौघा भावांच्या वाटण्या अशाच केल्या होत्या, बांध नाही, खूण नाही, कुठली कुणाची ते फक्त वडिलांना ठाऊक, आणि म्हणूनच की काय, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात चौघंही उशाशी बसून होते... चौघंही, रजा टाकून. ही व्यवस्था सिद्धरामला फार आवडली होती.

आता चार भाग आणि कपाटाकडे जाणाऱ्या दोन तारा, म्हणून प्रत्येक भाग दोनदा दिसायचा. नव्या सर्व्हरच्या पडद्यावर आठ ओळी आल्या, आठही जुळ्या. यातल्या कुठल्या जागी बसू, एवढंच सर्व्हर विचारत होता. चुकीच्या ओळीवर बोट पडलं की कारखान्याच्या बारा वर्षांच्या रंगांच्या कृती पुसल्या जाणार होत्या. सिद्धरामनं हात मागे बांधले आणि तो वाट बघत उभा राहिला. उशाशी यायचं तर आता यावं.

सुकन्या मूळची नातेपुत्याची, पण चार वर्षं पुण्याला नोकरी करून आलेली, वय सव्वीस. पहिल्या दिवशीच तिनं त्याला काका म्हटलं होतं. सिद्धराम एकोणचाळीसचा होता आणि त्या दिवसापासून साठीचा झाला. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण कपाटाचं काय? तो मनाशी म्हणाला: सात खंडेनवम्या मी त्या कपाटाला हळदकुंकू लावलं, पंखा घुरघुरला तर मायेनं थोपटलं, आणि आज ते हिरवे दिवे तिच्याकडे बघून लुकलुकत होते — माझ्याकडे बघून असे कधी लुकलुकले नाहीत, माझ्याकडे बघून ते नुसते चालू असायचे.

तिनं एक तार काढली, तिच्या टोकाला धूळ लागू नये म्हणून ते काळं टोपण बसवलं, आणि आठाच्या चार ओळी झाल्या. मग मान न वळवता म्हणाली, "काका, यातला मोकळा कुठला?"

या प्रश्नाचं उत्तर सिद्धरामनं अंघोळ करताना, गाडीला किक मारताना, सात रस्त्याच्या सिग्नलला, किती वेळा दिलं होतं. चौथा. आणि नेमक्या त्या क्षणी जिभेच्या टोकावर आला तो 'दुसरा'. दुसऱ्यात रंग होते. दुसरा म्हणायचं, बस्स... उद्यापासून सगळे टॉवेल पांढरे, आणि सगळा कारखाना सिद्धरामच्या दारात, जांभळा कसा करायचा ते विचारत. तो स्वतःलाच इतका घाबरला की तोंडातून भलतंच निघालं.

"बघावं लागंल," तो म्हणाला.

नाही, घाबरून नव्हे. ते आग्रहासाठी होतं. त्याची आई, बसव्वा, पाहुण्याच्या ताटावर भाकरी धरायची, पाहुणा ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणायचा, भाकरी तशीच अधांतरी राहायची आणि शेवटी बोटांच्या फटीतून ताटात पडायची. पहिल्या वेळेला हो म्हणणारा पाहुणा सिद्धरामनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आता ती म्हणणार, 'सांगा की काका, तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक.' मग तो थोडं खोकणार. मग सांगणार.

"असू द्या मग," सुकन्या म्हणाली. "मी बघते की."

भाकरी टोपलीत परत गेली. पुण्याला एकदाच विचारत असावेत.

तिनं लॅपटॉपवर कपाटाचा स्वतःचा हिशेबी पडदा उघडला, जिथं कुठल्या भागात शेवटचं कधी लिहिलं गेलं ते दिसतं — आज, आज, काल, आणि चौथ्यापुढे: कधीच नाही. बाकीचे तीन तिनं नव्या सर्व्हरपासून झाकून टाकले. एकच ओळ उरली. सात वर्षांचं गुपित, आणि ते एका रकान्यात उघडंच होतं, कुणीही वाचावं असं.

पुढचा अर्धा तास सर्व्हर बसत होता आणि सिद्धराम उभा होता. अण्णा आले, चहा आला, पहिला कप तिला गेला. अण्णा म्हणाले, "शिकून घे की जरा हिच्याकडनं." तो हसलासुद्धा. मग तिनं टोपण काढून तार परत जोडली, टोपण त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे ठेवा काका, लागतं."

लागतं.

मूठ घामेजली होती. ती उघडली तर अकरा वाजून गेलेले असतील, म्हणून त्यानं ती मिटलेलीच ठेवली आणि मनातल्या मनात, स्वच्छ अक्षरात, समास सोडून अर्ज लिहायला घेतला. मा. मालक यांस, विषय: प्रश्न पुन्हा विचारण्याबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, मोकळा भाग चौथा असल्याचे अर्जदारास प्रथमपासून ज्ञात होते व आहे; सबब, सर्व्हर बसलेला नाही असे गृहीत धरून, पडद्यावरील आठही ओळी पूर्ववत करण्यात याव्यात, व संबंधितांनी सदर प्रश्न अर्जदारास आणखी एकदा, शक्य तितक्या आग्रहाने, विचारावा, ही नम्र विनंती.