सगळ्यांना सारखं

कुंडलच्या तरुणांनी हौसेनं देशी बियाण्यांचं संमेलन भरवायचं ठरवलं. पाहुण्यांसाठी घरटी दहा भाकरी मागायचं काम सोनमकडं आलं. एकाही बाईनं नकार दिला नाही. आता तयारीच्या बैठकीत या तरुणांचा म्होरक्या जयराज म्हणाला, "तिकीट तीनशे. सगळ्यांना सारखं, म्हंजे कुणाची तक्रार न्हाई."

सोनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, पुण्याचा सायेब तीनशे रुपये नाश्त्यालाच उडवतोय. आपल्या धोंडुबाईची ती दिवसभराच्या खुरपणीची मजुरी हाय. तिनं भाकरी द्यायच्या आन् दारातनंच माघारी फिरायचं व्हय?"

"नियम म्हंजे नियम."

"बरं," सोनम उठली. "मग भाकरीबी सगळ्यांकडनं सारख्याच घ्या. त्या सायबाला फोन लावा. म्हणावं, येताना धा भाकरी थापून आणा."