मोठं बटण

...ती चपटी गोल बॅटरी तळहातावर पहिल्यांदा गार लागते आणि मग हळूहळू तळहाताइतकीच होते, म्हणजे ती तापली की आपण निवलो हे कळायला मार्ग राहत नाही – मल्हारने ती उलटी केली, सुलटी केली, शर्टाला पुसली आणि मदरबोर्डवरच्या तिच्या खोबणीत पुन्हा दाबून बसवली. टक्. आवाज चांगला होता. सकाळपासून या घरात नीट बसलेली एवढीच एक गोष्ट.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा पडला होता. एका बाजूचा पत्रा काढलेला, आतल्या वायरी बाहेर लोंबणाऱ्या, आणि शेजारी शेंगाचटणीची बरणी. शाळेत शिकवायला जाण्याआधी त्याच्या बायकोने, उत्कर्षाने, हे दृश्य दारातूनच बघितलं होतं आणि पर्स खांद्याला अडकवत म्हटलं होतं, "खाली पेपर तरी घाला." मग चपला घालता घालता, जणू चपलांनाच सांगावं तसं, "चालू झालं तर बरंच आहे. नाहीच झालं तर रविवारी श्रीमंतला काय ते सांगून टाकू."

श्रीमंत म्हणजे तिचा भाऊ. मोहोळला त्याचं खतांचं दुकान आहे आणि त्या दुकानात एक खुर्ची आहे. खुर्ची रिकामी आहे. गेले काही महिने ती खुर्ची फोनवरून बोलते – "दाजी, पंख्याखालीच हाय बघा. नुस्तं बसायचं." नुसतं बसायचं... या दोन शब्दांत श्रीमंतला सगळा मोठेपणा वाटत होता, आणि मल्हारला त्याच दोन शब्दांत आपला निकाल लागल्यासारखा वाटत होता. नुसतं बसायला माणूस मोहोळला कशाला जाईल? ते मी सोलापुरात बसूनही करतोच आहे.

नवी पेठेच्या मागच्या बोळात त्याचं लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून छापून देण्याचं दुकान होतं. लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले, तेव्हा पहिल्या वर्षी त्याला हसू आलं, दुसऱ्या वर्षी राग आला, आणि गेल्या वर्षी त्याने दुकानाची पाटी उतरवून घरी आणून पलंगाखाली सरकवली. पाटीबरोबर हे यंत्रही आलं आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसलं. त्याच्यात जुनी मराठी अक्षरं होती – ज्यांचे काने भिंतीसारखे सरळ आणि वेलांट्या कुलीन बाईच्या पदरासारख्या – आणि ती दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली की नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं यायची. नवऱ्यामुलाच्या बाबतीत हे कित्येकदा खरंच असतं, पण छापता येत नाही.

आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं. कुंभारीचे ईश्वरप्पा. नात पूनमचं लग्न. मजकूर पंधरवड्यापूर्वीच जुळवून ठेवला होता, तो याच पेटीत होता, आणि प्रूफ बघायला ईश्वरप्पा आज संध्याकाळी येणार होते. यंत्र चालू झालं तर पत्रिका. नाही तर मोहोळ.

तर – क्रमाने जायचं. आज चिडायचं नाही, आडवं व्हायचं नाही, क्रमाने जायचं.

दुखणं असं होतं की यंत्र कधी चालू व्हायचं आणि कधी नाही. कधी आतला पंखा एक गिरकी घेऊन थांबायचा, कधी तेवढीही तसदी घ्यायचा नाही. दुपारी आपोआप शहाणं व्हायचं. कधी पेटीवर थाप मारली की सुरू. गुरुशांतच्या दुकानात तर ते हटकून सुरू व्हायचं. गुरुशांत दुरुस्तीवाला, भला माणूस. रिक्षातून उतरवून टेबलावर ठेवलं, बटण दाबलं की स्क्रीन उजळायचा, आणि तो मल्हारकडे डॉक्टरच्या दयेने बघायचा. "सर, हितं तर चालतंय की." तरी त्याने पॉवर सप्लाय बदलून दिला होता, रॅम खोडरबराने घासून दिली होती, आणि शेवटी सुचवलं होतं की घरातली जागा बदलून बघा, दक्षिणेला तोंड नको.

मल्हारकडे स्वतःचीही एक उपपत्ती होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण ती ऐकून लोक गोळीचा डोस वाढवतात अशातली ती होती. काही सकाळी त्याला उठवायचं नाही. आजार नव्हे, ताप नव्हे... नुसतं उठवायचं नाही. डोळे उघडे, समोर भिंत, भिंतीवरचा पोपडा कर्नाटकाच्या नकाशासारखा, आणि अंगात कुठेतरी कुणीतरी बटण दाबतंय पण आतला पंखा गिरकी घेऊन थांबतोय. आणि – हे त्याने पुष्कळदा पडताळून पाहिलं होतं – नेमक्या त्याच दिवशी यंत्रही चालू व्हायचं नाही. आपण उशिरा कसेबसे उठून खुर्चीत बसावं, बटण दाबावं, तर काळोख. मग परत जाऊन आडवं व्हायला कारण मिळायचं. यंत्रच चालू होत नाही तिथे माणसाने एकट्याने होऊन काय करायचं? याला ते कळत असेल, त्याला वाटायचं. इतकी वर्षं माझ्या बोटांखाली काढली याने... घरातल्या कुणापेक्षा जास्त.

आजचीही सकाळ तसलीच होती. फक्त आज तो, उशिरा का होईना, ईश्वरप्पांच्या भीतीने उठला होता, आणि भीतीने उठलेल्या माणसाच्या अंगात जी एक चिवट शिस्त येते ती आली होती.

"च्या घी की. गार हुतुया." केराबाई, त्याची आई, कपबशी टेबलावर पेपरच्या कडेला ठेवून उभी राहिली. तिने उघड्या यंत्रात डोकावून पाहिलं, मेंढीच्या पोटात बघावं तसं. "काय घावलं का?"

"बघतोय."

"लई वायरी हायत्या."

"हो."

"समद्या लागत्यात व्हय?"

मल्हारने कप उचलला. कपाची कड पिवळी दिसली. त्याने ती पुसली. आई सकाळी अंघोळ करून खंडोबाच्या टाकाला भंडारा वाहते, तिच्या अंगठ्याचा पिवळेपणा दिवसभर जात नाही, आणि घरातल्या बऱ्याच वस्तूंवर तो थोडा थोडा असतो – साखरेच्या डब्यावर, टीव्हीच्या रिमोटवर, मल्हारच्या मुलीच्या जुन्या प्रशस्तिपत्रकावर. गेल्या दसऱ्याला, सगळ्या हत्यारांची पूजा झाली त्या दिवशी, तिने यंत्रालाही एवढा भंडारा फासला होता की उत्कर्षाने, आवाज न चढवता, "आई, हे मेंढीची लोकर कातरायची कात्री नाही" असं सांगितलं होतं. त्यानंतर डाग दिसले नव्हते. पेटी तशीही मुळातली पांढरी वयाने पिवळटलेली. कुठला पिवळा कशाचा ते सांगता आलं नसतं.

फोन वाजला. ईश्वरप्पा. "मल्हारराव, सांजच्याला येतो बघा. नातू म्हनतोय, आजोबा मोबाइलवरच करू. मी म्हनलं, बाबा, पैली पत्रिका देवापुढं ठिवायची असती. मोबाइल ठिवून त्येच्यावर अक्षता टाकू काय? तेवढ्यात कुनाचा फोन आला म्हंजे?"

"या तुम्ही. तयार आहे," मल्हार म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्या 'तयार'कडे तो बराच वेळ बघत राहिला.

क्रमाने. पॉवर सप्लायची जाड वायर मदरबोर्डवरून काढली, तिच्यातल्या हिरव्या आणि काळ्या तारेच्या भोकांत एक वाकवलेली टाचणी घातली. सप्लायचा पंखा घरघरला. म्हणजे सप्लाय ठीक. मल्हारला उगाच बरं वाटलं – एकाची तरी चूक नाही. वायर परत लावली. मग उरलं काय? त्याने वाकून पाहिलं: पुढच्या बटणातून एक बारीक जोडवायर निघून मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसली होती. ती त्याने उपटून काढली आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, श्वास धरून, त्या दोन पिनांना एकदम टेकवलं.

यंत्र चालू झालं.

बटण न दाबता. सरळ, गुमान, सगळे पंखे एका सुरात, जणू ते कधी आजारी नव्हतंच. मल्हारने ते बंद केलं, पुन्हा पिना टेकवल्या. चालू. पुन्हा. चालू. म्हणजे आत सगळं ठणठणीत. सगळी वर्षं... नाही, सगळे महिने... आत काही बिघडलेलंच नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण झालं ते असं की कुणीतरी आपल्या पाठीमागे उभं आहे असं वाटून त्याने वळून पाहिलं. मागे फ्रिज होता.

मग त्याने पुढचं प्लास्टिकचं तोंड खटकन् उपसून काढलं.

दोन बटणं. खालचं रीसेटचं, डाळीच्या दाण्याएवढं, कुणी कधी न दाबलेलं. आणि वरचं मोठं, गोल, रुपयाएवढं. त्या मोठ्याच्या पाठीमागे, चहूबाजूच्या फटीत, पिवळा घट्ट थर होता. थरावर थर. आतला सुकून तडकलेला, बाहेरचा अजून ओलसर, आणि बटण त्यात आत रुतून बसलेलं – दाबलेलंच राहिलेलं. मल्हारने नखाने एक खपली काढली, नाकाशी नेली. हळद. देवघराचा वास.

आणि मग सगळं एकदम जागच्या जागी बसलं. ओला भंडारा, सकाळचा, बटण चिकटतं. दुपारपर्यंत सुकतो, आक्रसतो, सुटतं. थाप मारली की सुटतं. रिक्षाच्या हादऱ्यांनी सुटतं, गुरुशांत निर्दोष, दक्षिण दिशा निर्दोष. फक्त एक बसेना – दररोज का नाही? काही सकाळीच का?

आई पडवीत सुपात ज्वारी निवडत बसली होती.

"आई, यंत्राला भंडारा लावतेस?"

तिने मान वर केली नाही. "सूनबाईला डाग आवडत न्हाईत. लावती आन् पदरानं पुसती."

"रोज?"

"रोज कशापायी? देवाला काय दुसरी कामं न्हाईत?" तिने एक खडा वेचून लांब टाकला. "तू उठत न्हाईस त्या दिशी."

तो उंबऱ्यावर बसला.

"मी उठत नाही... मग मला लावायचा. यंत्राला कशाला?"

"तुजं त्वांड भिताडाकडं असतंय," केराबाई म्हणाली. "कपाळ घावत न्हाय. मंग कुटं लावू? म्हनलं, त्येला तरी लावावा. दोघं एकाच कामावर हायसा." आणि सूप पाखडत, "त्ये चालू झालं की तूबी हुशील, असं आपलं माझं."

यावर मल्हारला काही बोलता येण्यासारखं बरंच होतं. तो शिकलेला माणूस होता. बटण, फट, ओलावा, सगळं तो तिला नीट समजावून देऊ शकला असता. तिने ऐकूनही घेतलं असतं. आणि उद्या अंघोळ करून, ओल्या अंगठ्यावर चिमूट घेऊन, ती घरभर कपाळ शोधत फिरली असती...

तो उठला. टेबलाशी आला. मोठ्या बटणाची उपटलेली जोडवायर त्याने पुन्हा पिनांवर लावली नाही. तिच्या जागी खालच्या चिमुकल्या रीसेट बटणाची लावली. बटणाला काय, दोन तारा जुळवण्याशी मतलब. कोण जुळवतं याचं मदरबोर्डला सोयरसुतक नसतं. मोठ्या बटणाची वायर गुंडाळून, रबरबँड लावून, पेटीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. भंडारा खरवडायला घेतलेला जुना टूथब्रश जागेवर नेऊन ठेवला. पुढचं तोंड बसवलं, पत्रा बसवला, स्क्रू पिळले, पेटी उचलून कोपऱ्यात नेली, आणि डाळीच्या दाण्यावर नख टेकवलं.

स्क्रीन उजळला. जुनी अक्षरं आली. पूनम – वरची शिरोरेघ अखंड, पू-चा उकार नेमका. त्याखाली दोन्हीकडची भावकी, ओळीने उभी.

मोठं बटण तसंच पुढे होतं, गोल, पिवळट, आईच्या अंगठ्याच्या उंचीवर. आता ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याला कितीही लावा.

संध्याकाळी दारात चपला काढल्याचा आवाज आला, मग ईश्वरप्पांचा खोकला. "चालू झालं काय हो?"

"झालंय. या," मल्हार म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उद्यापासून हे रोज चालू होणार. उद्या, परवा, ज्या सकाळी कर्नाटकाचा नकाशा डोळ्यांसमोर असेल त्याही सकाळी, नख टेकवलं की चालू. आजवर दोघांनी मिळून न उठण्याचं जे एक जमवून आणलं होतं, त्यातून एकाने अंग काढून घेतलं होतं – आणि ते आपणच करून दिलं, आपल्या हाताने, रबरबँड लावून... ईश्वरप्पा शेजारी बसून चष्मा पुसत होते, आई पडवीतून "पावण्यास्नी च्या ठिवू का?" विचारत होती, तो "ठेव" म्हणाला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागता लागता त्याच्या मनात पलंग आला, पलंगाची भिंतीकडची कड आली, खोलीकडची आली – आज कपाळ कुणीकडे करून, कुठल्या कुशीवर झोपायचं, हे आयुष्यात पहिल्यांदाच ठरवावं लागणार होतं.