वाळू संपेपर्यंतच्या गोष्टी

मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी फार दमलो आहे. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ गोल गोल फिरतं. माझ्या नशिबी मात्र जन्मभर कोलांट्या. वरची वाळू खाली आली की कुणीतरी मला उचलतं, उलटं करतं आणि पुन्हा कामाला जुंपतं. डोकं कुठलं नि पाय कुठले, हे मी केव्हाच विसरलो आहे. आता थोडा निवांत आहे, तेवढ्यात माझी कहाणी सांगून घेतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिरानं तापलेल्या काचेत फुंकर मारून माझी दोन पोटं फुगवली आणि मध्ये सुईएवढी मान ठेवली. मग बारीक चाळलेली वाळू भरली, मला उलटं केलं आणि वाळू पुरती तीन मिनिटांत खाली येईपर्यंत तो चिमूटचिमूट कमीजास्त करत बसला. मनासारखी जमली तेव्हा त्यानं मला लाकडी चौकटीत बसवलं. तेवढंच माझं शिक्षण. तीन मिनिटांपलीकडचं मला काही कळत नाही.

माझी पहिली नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये. त्या काळी दूरच्या गावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि एक कॉल तीन मिनिटांचा असे. ज्या टेबलावर मला ठेवलं, तिथं एक तरुण ऑपरेटर बाई बसत. त्यांना आपण वन्सं म्हणू, कारण पुढं घरात मी तीच हाक ऐकली. वन्संचा आवाज चांदीच्या वाटीवर चमचा वाजवावा तसा खणखणीत. "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" असं त्या म्हणाल्या की पलीकडचा माणूस रडत असो की भांडत असो, क्षणभर गप्प होई. साहेब येताजाता म्हणत, "या बाईंची जीभ आणि हे घड्याळ, दोन्ही चोख." कौतुक कुणाला आवडत नाही? मीही मनातल्या मनात छाती फुगवत असे.

मग यंत्रं आली, ट्रंक कॉल गेले आणि मला कुणी विचारेना. खिडकीत धूळ खात पडलो. वन्सं निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. "हे कुणाला नको असेल तर मी नेते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी खरोखरच कुणाला नको होतो.

घरात वन्संचा थोरला भाऊ होता आणि वहिनी होत्या. वहिनींचं खाली रस्त्यावर कपडे अल्टर करायचं छोटं दुकान. नणंद-भावजयींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. भाऊ बोलका होता. दोघींच्या मध्ये बसून तो एकटाच बोलायचा, म्हणून त्या दोघींना एकमेकींशी फारसं बोलावंच लागलं नाही. तो गेला आणि जेवणाच्या टेबलावर नुसते चमचे वाजू लागले.

एकदा संध्याकाळी वन्संना ती शांतता असह्य झाली. त्यांनी मला टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, वाळू संपेपर्यंत मी एक गोष्ट सांगते. आवडली नाही तरी तीन मिनिटांत सुटशील." त्यांनी सांगितली ती एका माणसाची गोष्ट. तो दूरच्या घरी फोन लावतो आणि म्हणतो, आमच्या कुत्र्याला फोनपाशी आणा. कुत्रं गच्चीवर असतं. घरातले त्याला हाका मारतात, ते जिना उतरतं, धापा टाकत फोनपाशी येतं, भुंकतं, आणि वेळ संपते. माणूस म्हणतो, "झालं बोलणं." वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता माझी ऐका, वन्सं. काच उलटा."

तिथून माझी दुसरी नोकरी सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा कष्टाची. दोघी आपापल्या गोष्टी लिहू लागल्या, संध्याकाळी मोठ्यानं वाचू लागल्या. नियम एकच. जिची गोष्ट तिनंच वाचायची, दुसरीनं काच उलटायची. वाळू संपली तेव्हा जी ओळ वाचायची राहिली असेल, ती गोष्टीतून बाद. मग भांडण. "हा शब्द काढ, म्हणजे ती ओळ राहील." "अहो, तो काढला तर गोष्टीला अंग काय उरलं?" वहिनी एकेक शब्द टाचणी काढावी तसा काढत. वन्सं सपासप कापत. वन्संच्या गोष्टीचा शेवट वहिनी सुचवत, वहिनींच्या गोष्टीची सुरुवात वन्सं उडवून देत. हळूहळू कुठली ओळ कुणाची ते त्यांनाही सांगता येईना. एका संध्याकाळी मला किती वेळा उलटं केलं जाई याची मोजदाद मी सोडून दिली होती.

एका प्रकाशकानं त्या गोष्टी वाचल्या आणि दोघींच्या नावानं संग्रह काढायचं कबूल केलं. वहिनींची कोटाची गोष्ट त्याला फार आवडली होती. त्या गोष्टीत एक बाई वारलेल्या नवऱ्याचा कोट मुलाच्या मापाचा करून घेते. मुलगा वाढतो, तशी दरवर्षी शिवण उसवून कोट थोडा सैल करते. एके वर्षी कोट पुन्हा मूळ मापाचा होतो. मुलगा तो घालून आरशासमोर पाठमोरा उभा राहतो, आणि बाईच्या तोंडून निघून जातं, "अहो…" त्या शेवटच्या ओळीसाठी हे पुस्तक काढतोय, असं प्रकाशक म्हणाला. वन्संनी ते आठवडाभर येईल त्याला ऐकवलं. आपलं कौतुक असावं तशा त्या मिरवत होत्या.

आणि मग वन्संना झटका आला. हॉस्पिटलातून परतल्या तेव्हा उजवा हात जड झाला होता आणि जीभ त्याहून जड. डोकं मात्र होतं तसंच, लख्ख. एकेक शब्द त्या तळघरातून पोतं ओढून आणावं तसा बाहेर आणत. "रोज मोठ्यानं वाचा," डॉक्टर म्हणाले. पुस्तकासाठी थोड्याच गोष्टी पक्क्या व्हायच्या राहिल्या होत्या. पण वन्सं म्हणाल्या, "सगळ्या… पुन्हा… वाचायच्या. नियमानं."

पहिल्या दिवशी त्यांनी कुत्र्याची गोष्ट घेतली. मी माझं काम केलं. मला दुसरं येतं काय? वाळू संपली तेव्हा कुत्रं अजून जिन्यातच होतं. वन्संनी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि जिन्यानंतरचं सगळं खोडून टाकलं. भुंकणं गेलं, "झालं बोलणं" गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट अशीच अर्ध्यात तुटली. मित्रांनो, बरोबर असण्याचा मला इतका कंटाळा कधीच आला नव्हता. मान आवळून वाळू अडवता आली असती तर मी अडवली असती.

वहिनींना ते बघवेना. एका संध्याकाळी त्यांनी मला उलटं केलं, चहाच्या किटलीआड सरकवलं आणि बोटानं हळूच आडवं केलं. आडव्या घड्याळात वाळू हलत नाही. वन्सं वाचत राहिल्या, संपवलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "बसली?" वहिनी म्हणाल्या, "बरोब्बर बसली." मग रोज तेच सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आडवं पडायला मिळत होतं, पण त्या विश्रांतीत सुख नव्हतं.

ज्या बाईनं सगळी हयात तीन मिनिटं मोजण्यात घालवली, तिला कोण फसवणार? एके दिवशी वन्सं वाचता वाचता मध्येच थांबल्या. खिडकीबाहेर बघत बसल्या, बराच वेळ. वहिनींचं बोट माझ्यावर तसंच होतं.

"वाळू… आहे अजून?"

"आहे थोडी."

वन्संनी किटली बाजूला केली. मी उघडा पडलो, आडवा.

"कीव… करतेस माझी?"

"कीव कसली, वन्सं! पुस्तक पुरं व्हायला नको का?"

"कुणाचं… पुस्तक?" वन्सं म्हणाल्या. "तुला नियम… आणि मला सवलत. मग ते… तुझं एकटीचं. माझं नाव… काढ."

त्यानंतर मी खणात पडून राहिलो. पुन्हा नुसते चमचे वाजू लागले. एकदा प्रकाशकाचा फोन आला. वहिनी दबक्या आवाजात "बघते, बघते" म्हणत राहिल्या. वन्संच्या नावाशिवाय पुस्तक काढायला त्या तयार नव्हत्या, आणि वन्सं नाव द्यायला तयार नव्हत्या. दोघींच्या हट्टात इतक्या संध्याकाळींची मेहनत वाया जाणार, हे मला खणातही कळत होतं.

शेवटी वहिनींनीच खण उघडला. मला वन्संसमोर ठेवलं आणि कोटाच्या गोष्टीचा कागद हातात घेतला. "काच उलटा," त्या म्हणाल्या. वन्संनी तोंड फिरवलं, पण वहिनी हलल्या नाहीत तेव्हा डाव्या हातानं मला उलटं केलं. वहिनी वाचू लागल्या. एक शब्द. मग थांबणं. मग दुसरा शब्द.

वन्संचा चेहरा लाल झाला. "नक्कल… करतेस?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "आपण जिना चढतो तेव्हा मी तुम्हाला मागं टाकून वर पळते का? तुमच्या सोबतीनं एकेक पायरी चढते ना? मग वाचतानाच का पळू? नियम दोघींना एक, तर चालही एकच."

वन्संनी उरलेली वाळू खाली येऊ दिली. मग मला पुन्हा उलटं केलं, आणि वहिनींनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. थांबायचं तिथं वहिनी नीट थांबत होत्या, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. कोट सैल झाला, आणखी सैल झाला, मूळ मापाचा झाला. मुलगा पाठमोरा उभा राहिला, आणि माझा शेवटचा कण खाली पडला.

एक ओळ उरली होती. वहिनींनी पेन्सिल उचलली.

"राहू दे," वन्सं घाईनं म्हणाल्या, आणि घाईत त्यांची जीभ आणखीच अडखळली. "ती… ओळ… चांगली आहे, वहिनी. त्या ओळीवरच तर…"

"वाळू संपली, वन्सं." वहिनींनी ती ओळ खोडली. मग त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या, आणि वन्सं डाव्या हातानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतर सगळ्या गोष्टी त्या चालीनं पुन्हा वाचल्या गेल्या. पुस्तक निघालं ते अगदी बारीक, खिशात मावणारं. प्रकाशक ती ओळ परत मागत होता, पण दोघींनी नाही म्हटलं. मुखपृष्ठावर दोघींची नावं आहेत. कुत्रं अजून जिन्यातच आहे, मुलगा अजून पाठमोराच उभा आहे. वाचणाऱ्यांना कमी काय आहे ते कळत नाही. मला कळतं, आणि त्या दोघींना.

मित्रांनो, मला धुळीत टाकू नका, फोडू नका, हे तर सांगायचंच होतं. पण दमलेला जीव एकच मागणं मागू शकतो, तर हे मागतो. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याच्यासाठी लपूनछपून घड्याळ आडवं करू नका. त्याच्याएवढं सावकाश बोलून बघा. त्यात तुमची एखादी फार चांगली ओळ सांगायची राहून जाईल. जाऊ द्या.