चावत न्हाय

बुधाजीने बाटलीचं बूच दातांनी उपटलं आणि आतलं आगराचं खारं पाणी दोन्ही हातांवर ओतलं. मनगटापर्यंत चोळलं. पाणी जाड होतं, तेलासारखं. बोटांवरून ते रेडिओच्या दुकानातल्या शहाबादी फरशीवर ठिबकू लागलं.

"अरे, अरे! दुकान आहे हे, तुझं मिठागर नाही." रामशेट टेबलामागून उठला. त्याच्या हातात पोट फाडलेला रेडिओ तसाच होता. "चाललंय काय?"

"हलदीत हात वले असतात," बुधाजी म्हणाला. "वल्या हातानंच गिटार बगायची. कोरड्या हाताला सगल्या गरीब."

राही उंबऱ्याशी उभी होती. सासऱ्याने सकाळी ही बाटली कमरेला का बांधली, ते तिला आता कळलं. वाटेत तिने विचारलं नव्हतं. काळूराम गेल्यापासून त्या घरात कोणी कोणाला फारसं काही विचारत नसे.

काळूराम तिचा नवरा, बुधाजीचा थोरला. शेजारगावच्या हळदीत, पाणी शिंपडलेल्या मांडवात, अनवाणी उभा राहून विजेची गिटार वाजवताना गेला. वाजवता वाजवता तो ताठ झाला तेव्हा लोकांना वाटलं, रंगात आला. कोणीतरी शिट्टीही मारली.

मग लोक म्हणाले, स्वस्तातली गिटार होती, म्हणून घात झाला. बुधाजीने ती खाडीत टाकली. भरतीने परत आणून दिली. तेव्हा त्याने ती आगराच्या बांधावर जाळली. तारा जळल्या नाहीत. त्या अजून तिथेच गंजत पडल्या होत्या.

आणि आता धाकटा, धर्मा, भावाची गाण्याबजावण्याची पार्टी पुढे चालवायची म्हणत होता. भरल्या ताटावरून उठून म्हणाला होता, "तुमी गिटार नाय दिली तं मुंबयला जाईन. मिलंल ती आनीन."

"आनायचीच हाय तं मी बगून आनतो. तू न्हाय यायचं."

"मी येते," राही म्हणाली होती.

ती का येते, हेही कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं. भावकीत ठरलं होतं, पाऊस सरला की राहीचा धर्माशी पाट लावायचा. रांडवपण सुटेल, घरची सून घरात राहील. हे ठरत होतं तेव्हा ती आत तांदूळ निवडत होती. खडे वेगळे करता करता तिने सगळं ऐकलं होतं.

"बरं, दाखवू कसली?" रामशेटने रेडिओ बाजूला ठेवला.

"स्वस्तातली नको. महाग झेपत न्हाय. मधली दावा."

"मधली कळायला दोन्ही टोकं बघावी लागतात, बाबा."

*तांबडी*

ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती, खिडकीजवळ. लढाईच्या साली उजेड बाहेर जाऊ नये म्हणून काचेला चिकटवलेला काळा कागद रामशेटने अजून पुरता खरवडला नव्हता, त्यामुळे गिटारीच्या निम्म्या अंगावर सावली होती.

"आधी दांडी बघायची," रामशेट म्हणाला. त्याने गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावली. "सरळ पाहिजे. ही बघ, पोट आलंय हिला. मुंबईतल्याच कुठल्या सुताराने ठोकलीय. खुंट्याही घसरतात. एक गाणं होईपर्यंत बेसूर."

त्याने तिची वायर डब्याला जोडली आणि डब्याची पिन भिंतीतल्या बोर्डात खुपसली. ॲम्प्लिफायरला पार्टीतली पोरं डबाच म्हणत. डब्याचा दिवा लागला. जरा वेळाने तो भुंग्यासारखा घुमू लागला.

बुधाजीने गिटार हातात घेतली. वाजवणाऱ्याने धरावी तशी नव्हे. होडीचा दोर धरावा तशा सगळ्या तारा ओल्या मुठीत आवळल्या. डब्यातून घशात घास अडकल्यासारखा आवाज आला. बुधाजीने डोळे मिटले.

"अरे, मरशील माझ्या दुकानात! पोलिसांना मी काय सांगू?"

बुधाजी तसाच उभा राहिला. ओठ हलत होते. मग त्याने मूठ सोडली.

"चावत न्हाय," तो म्हणाला.

राहीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हे दोन शब्द तिने आधी ऐकले होते. याच आवाजात.

रामशेट खाली बघत होता. "बुधाजी, हे पाय आहेत की होडीचा तळ?"

म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला. "जल्म गेला आगर तुडवन्यात. काटा घुसला तं ही सून सांगते तवा मला कलतं."

ते खरंच होतं. पाऊस सरला की मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, आणि पुढे सगळा हंगाम खाऱ्या पाण्यात. बुधाजीचे तळवे जुन्या झाडाच्या सालीसारखे झाले होते. रोज संध्याकाळी तो ओट्यावर बसून पाय पुढे करी आणि राही सुईने काटे काढी. "मामा, दुखतं का?" असं ती नवी असताना विचारत असे. नंतर विचारायची सोडली. राहीचं माहेर आत, भाताच्या गावात. तिचे पाय खाऱ्या पाण्याला कधीच सरावले नाहीत. पहिल्याच हंगामात सडले, तेव्हा काळूराम म्हणाला होता, तू घरीच रहा.

*पांढरी*

रामशेटने ती देण्याआधी फडक्याने पुसली.

"ही साहेबांच्या देशातली. गोदीत उतरलेल्या एका खलाशाने विकली. मीठ लावू नकोस हिला. घेणार नाहीस तर हात कशाला?"

बुधाजीने एकच बोट लावलं. बराच वेळ ठेवलं.

"हीबी चावत न्हाय. मंग महागात जास्त काय?"

"आवाज."

"आवाज तं मानसाचा," बुधाजी म्हणाला आणि गिटार परत दिली.

*मधली*

ती पिकल्या जांभळाच्या रंगाची होती. एका कोपऱ्यावर रंगाचा टवका उडालेला. रामशेटने तो स्वतःच दाखवला.

"एवढाच दोष. बाकी दांडी सरळ, खुंट्या घट्ट. तारा बघ, दांडीला किती जवळ आहेत. दाबायला जोर नको, रात्रभर वाजवली तरी पोराची बोटं सोलायची नाहीत. हॉटेलात वाजवणारा एक गोवेकर होता, त्याची. आवाजात पांढरीच्या फार मागे नाही. माझा पोरगा असता तर हीच दिली असती."

बुधाजीने बाटलीतलं उरलंसुरलं पाणी हातांवर घेतलं. फरशीवरचं थारोळं आता दारापर्यंत आलं होतं. त्याने तारा मुठीत आवळल्या. डबा घुमला. या खेपेला त्याने डोळे मिटले नाहीत. राहीकडे बघत राहिला, जणू तिच्यासमोर शपथ घेत होता.

"चावत न्हाय," तो म्हणाला. "हीच. धर गं, मी पैसं कारतो."

राही पुढे झाली. थारोळ्यात तिचे पाय ओले झाले. तिने गिटार दोन्ही हातांत घेतली आणि मनगट तारांवर टेकलं.

कोणीतरी हाडाच्या आतून खेचलं. कोपरापर्यंत मुंग्या धावल्या, मग खांदा. बोटं आपोआप मिटू लागली. तिने गिटार टाकली नाही, पोटाशी टेकवून कशीबशी टेबलावर लोटली. तोंडात लोखंडाची चव आली होती.

"चावते," ती म्हणाली.

"काय?" बुधाजीचा हात कमरेच्या पिशवीत होता.

"ही चावते, मामा."

रामशेटने बोटांची मागची बाजू तारांना लावली आणि झटकन काढली. "हां, करंट येतोय थोडा." त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. तो भिंतीपाशी गेला, बोर्डातली पिन उपटली, उलटी केली आणि पुन्हा खुपसली. "आता बघ."

राहीने त्याच पाण्यात उभं राहून एक बोट लावलं. मग चार. मग तळहात.

"गेला?"

"गेला."

बुधाजी एकदा पिनेकडे बघे, एकदा गिटारीकडे.

"तांबडीतबी व्हता?"

"गिटार कुठली चावते, बाबा? करंट डब्यातून येतो. पिन उलटी बसली की तारांवर उतरतो. तांबडी असो, पांढरी असो, त्याला काय?"

"नि पिन फिरवली की जातो."

"जातो."

"येवढंच?"

"एवढंच. कायमचं करायचं तर डबा घेऊन या, जमिनीत सोडायची तार लावून देतो. नाहीतर दर मांडवात बोर्ड वेगळा, आधी हात लावून बघायचं. चावली की फिरवायची. त्यात कळायचं काय आहे? चावते तेव्हा माणूस सांगतोच ना."

*त्याआधीची*

संध्याकाळ. अंगण. नवी गिटार. गावात वीजही नवीच.

काळूराम तारांवरून हात काढतो. पुन्हा ठेवतो. पुन्हा काढतो.

"बाबा, ही चावते वो."

आगरावरून आलेला बाप. खांद्यावर फावडं. गिटार घेतो, तारा मुठीत आवळतो, सगळ्या पोरांदेखत. हसतो.

"काय न्हाय. चावत न्हाय. बायकोच्या हातचं खाऊन हात बायकी झालं तुजं."

पोरं हसतात. दारात उभी असलेली राहीही हसते.

काळूराम गिटार घेतो. वाजवतो. दात आवळून.

त्यानंतर तो कधी बोलला नाही की चावते.

*डबा*

"पार्टीचा डबा अजून तोच हाय, तवाचा," राही म्हणाली.

बुधाजीने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत होता. त्यांवरचं पाणी सुकून पांढरं मीठ उमटलं होतं. मग तो खाली बघायला लागला, पायांकडे, आणि बघतच राहिला.

रामशेट गिटार गोणपाटात गुंडाळत होता. सुतळी बांधताना तो एकदा या दोघांकडे बघून थांबला. शेजारगावच्या हळदीची गोष्ट उरणच्या बाजारातही आली होती. ती कोणाच्या घरची, हे बहुधा त्याच्या आताच ध्यानात आलं. सुतळीची गाठ त्याने दोनदा मारली.

"डबा उद्याच आणा," तो हळू म्हणाला. "तार लावायचं काही घेणार नाही मी."

बुधाजीने मान हलवली. पैसे ठेवले. ओझं खांद्यावर घेतलं आणि दारात थबकला.

"तवर दर येलंला आधी मी हात लावीन," तो म्हणाला. "धर्माच्या आधी. मांडवात मी सोता जाईन."

"तुमी नको. मी लावीन," राही म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. ती ओले पाय एकमेकांवर घासून कोरडे करत होती.

*बांध*

बाजार मागे पडला. मग डांबरी रस्ता सुटला आणि मिठागरांचा बांध लागला. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, उन्हात डोळ्यांना खुपणारे. बांधाच्या कडेला बाभळी होत्या आणि वाटभर त्यांच्या वाळक्या काटेरी फांद्या पडलेल्या. राही बघून बघून पाय टाकत होती. पुढे बुधाजी सरळ चालला होता, नेहमीसारखा, त्यांच्यावरून.

गिटार जळाली ती जागा आली. तो थांबला नाही. चाल मात्र मंदावली. जरा पुढे गेल्यावर त्याने ओझं खाली ठेवलं, एका हाताने बाभळीच्या खोडाचा आधार घेतला आणि उजवा पाय मागे उचलला. दिवे लागायला अजून अवकाश होता. ही ओट्यावर बसायची वेळ नव्हती.

"राही, बग गं जरा."

"काय?"

"काटा हाय का? मला..." त्याने खोडावरचा हात सरकवून पुन्हा धरलं. "मला कलत न्हाय."

ती खाली वाकली. टाच तिने हातात घेतली नाही. रोज घेई. नुसतंच बघितलं. मिठाने पांढरे पडलेले भेगाळ तळवे, भेगांत काळी माती. टाचेच्या आतल्या अंगाला बाभळीचा काटा होता. मुळापर्यंत गेलेला. भोवती रक्ताचा ओला ठिपका, मसुराएवढा. तिची सुई कमरेच्या चंचीत होती.

वारा खाडीकडून येत होता. बुधाजी खोडाला धरून, मान न वळवता, वाट बघत होता.

"काय न्हाय, मामा," राही म्हणाली.

बुधाजीने पाय खाली टेकला, सगळा भार देऊन, आणि गिटार उचलून पुढे चालू लागला.