दोन्ही बाह्या डाव्या

मी एक जुनी, मापे घ्यायची टेप आहे. मित्रांनो, माझे पहिले पाच आकडे पार पुसले गेले आहेत, पण शिंपीणबाईंनी मला कधी टाकले नाही. चाळीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात लोंबते आहे.

बाईंची रीतच न्यारी. त्या माप कधी लिहून ठेवत नसत. खांदा, छाती, बाही असे मोठ्याने म्हणत आणि कापड बेतेपर्यंत सगळे डोक्यात ठेवत. वर्षाने आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, "कमरेला दीड इंच वाढलीस गं!" मी मोजून पाहावे तर बरोबर दीड! दुकानात हशा पिकायचा आणि माझीही मान ताठ व्हायची. काय दिवस होते ते!

मग एके दिवशी बाईंनी एकाच गिऱ्हाइकाचा गळा तीनदा मोजला. तो का, ते फक्त मला कळले, आणि त्यांना.

दुकान आवरताना त्या लेकीला म्हणाल्या, "अगं, हल्ली माप माझ्या लक्षातच राहत नाही."

"आई, मी सकाळपासून चष्मा शोधतेय! वय झालं की व्हायचंच," मशीनवरून मान वर न करता लेक हसली.

बाईंनी आणखी दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा लेकीने ते थट्टेवारी नेले. मग त्यांनी तो विषयच सोडला. मला फार वाईट वाटे, पण टेप काय बोलणार?

पुढे नातीच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी झगा शिवायचा ठरला. बाईंनी हौसेने कापड बेतले, कापले. लेक शिवायला बसली आणि थबकली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. कापड संपले होते आणि कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता.

"आई, हे काय गं?"

"सांगत होते ना तुला," बाई हळूच म्हणाल्या. "तू हसलीस."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने मशीन थांबवले आणि आईजवळ स्टूल ओढले.

"चुकलं माझं. आता पहिल्यापासून सांग."

बाई तासभर बोलल्या. झगा बिनबाह्यांचा झाला, आणि नात त्यातच मिरवली.

आता मायलेकी मिळून डॉक्टरांकडे जातात. दुकानात मी मोजते, बाई आकडा सांगतात, लेक लिहून घेते. काही दिवस बरे जातात, काही दिवस बाई कात्री हातात घेऊन नुसत्याच बसून राहतात.

मित्रांनो, आपण विसरू लागलो हे पुष्कळदा माणसाला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळते. घरातले कुणी तसे म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. ते सांगत आहेत तोवर ऐकून घ्या. एक दिवस, आपल्याला काही सांगायचे होते, हेसुद्धा ते विसरतील.