आवाज उतरल्यानंतरचं गाणं

बँडच्या निवडक गाण्यांचा पहिलाच अल्बम निघत होता. त्यासाठी जुनी गाणी मूळ टेपवरून नव्याने मिक्स करणं चाललं होतं. शेवटचं एक गाणं उरलं आणि तिथे घोडं अडलं.

"जुन्या रेकॉर्डवर जिथे आवाज हळूहळू उतरवत नेला होता, तिथेच उतरवा," गायक काका मिक्सिंगवाल्या बाईंना म्हणाले. "पुढे नुसता धिंगाणा आहे. आम्ही एकेक करून थांबलो, पण हिचा बाप थांबेल तर शपथ! ठोक्या तो ठोक्याच."

"पुढचं ठेवायचं," ड्रमरची मुलगी म्हणाली.

"अगं, तुझं दुःख कळतं मला. पण त्यासाठी लोकांच्या कानांवर कशाला सूड?"

वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. आतापर्यंत काकांच्या प्रत्येक गोष्टीला तिने मान हलवली होती. मुखपृष्ठाला, क्रमाला, दोन गाण्यांत ड्रम्स पार मागे ढकलले त्यालासुद्धा. या गाण्यावर मात्र ती ठाण मांडून बसली.

"धिंगाणा नाही, काका. त्याला शेवट आहे."

"तुला काय माहीत? ही टेप तू जन्मायच्या आधीपासून डब्यात बंद आहे."

"बाई, तुम्ही लावा."

घरी हे गाणं रेडिओवर लागलं की बाबांचं जेवण थांबायचं. गाणं विरून जायचं, निवेदिका बोलू लागायची, तरी ते चमच्याने टेबलाच्या कडेवर वाजवतच राहायचे. आई म्हणायची, "अहो, संपलं ते! जेवण गार होतंय."

"तुमचं संपलं असेल," ते म्हणायचे.

टेप पुढे सरकली. काकांचा तरणा आवाज बेसूर होत थांबला आणि इथे बसलेल्या काकांनी तोंड वाकडं केलं. गिटार थांबली, मग बेस. उरले फक्त ड्रम्स. तिने पेन्सिल उचलली आणि टेबलाच्या कडेवर वाजवू लागली. ठोक्याला ठोका. मध्येच तिने पेन्सिल वर धरली, तर स्पीकरही गप्प. बाईंचा हात बटणाकडे गेला.

"थांबा."

तीन भरभर ठोके, मग एक दणदणीत. स्पीकर आणि पेन्सिल, दोन्ही एकदम.

टेपवर कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "आता संपलं."

बाबांचा आवाज आजवर कुठल्याच रेकॉर्डवर आला नव्हता.

काकांनी चष्मा काढला. मग पुटपुटले, "लेकाच्याने सांगितलं कसं नाही कधी?"

"सांगितलं असेल. तुम्ही आवाज उतरवला असेल."

काकांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "माझं बेसूर तेवढं झाका हो, बाई."

"ते झाका," ती म्हणाली. "ड्रम्सना हात नाही लावायचा."

"आणि शेवटचं बोलणं?" बाईंनी विचारलं.

"तेही राहील."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "पुन्हा एकदा पहिल्यापासून लावा. या वेळी मी वाजवत नाही. ऐकते."