शाकाहारी माती

गुरुवार, सकाळचे सात. केंदूरजवळच्या एका मठात जास्वंदीच्या बुडची माती औषध म्हणून वाटली जात होती. रांग रस्त्यापर्यंत आली होती.

उन्हाळ्यात वाळून काटकी झालेली मठातली जास्वंद दिवाळीत लालभडक फुलली होती. मठाचे हौसराव महाराज पूर्वी यवतजवळच्या ढाब्यावर आचारी होते. आता ते सांगत, "मुळाशी मंत्र ओततो मी! मेल्याला जित्तं करणारी माती हाय ही. सुई नको, गोळी नको, भाव पायजे!"

रांगेत भैरू होता. अंगात साखर, टाचेला जखम. बायको अनसाबाई महिनाभर तीच माती लेपत होती. भैरू ड्रेसिंगला येईना म्हणून शिरूरच्या दवाखान्यातल्या नर्स दबोराबाई शोधत आल्या. त्यांनी फडकं सोडलं. टाच काळी पडली होती.

"भैरूआप्पा, आत्ताच्या आत्ता चला."

"एवढा लेप घिऊ द्या, सिस्टर."

दबोराबाईंनी शेजारी उभ्या अनसाबाईच्या कमरेचं खुरपं घेतलं आणि जास्वंदीचं बूड उकरलं. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, केळ्याची कुजकी सालं निघाली. मग अंड्यांची कवचं.

"महाराज," रांगेतला पप्पू ओरडला, "कोंबडीनं बी दीक्षा घेतली का?"

रांग हसली. महाराज गरजले, "वैऱ्यानं पुरलं हे!"

दबोराबाई हसल्या नाहीत. "नव्या स्वयंपाकघराची मोरी इथंच सुटलीय. झाडाला पाणी मिळालं, खरकट्याचं खत मिळालं, झाड फुललं. पण ही कुजकी घाण उघड्या जखमेत गेली की मांस सडतं."

अनसाबाई हळूच म्हणाली, "आमच्या कढीपत्त्याला म्या बी हेच घालते."

"मग त्याच्या बुडची माती लावली असती का आप्पांना?"

अनसाबाईनं हातातली मातीची पुडी खाली ठेवली.

घरच्या मोरीमागं जी घाण, ती मठात औषध कशी होते? रांगेत उभं राहण्याआधी प्रत्येकानं स्वतःला एवढंच विचारावं.

त्या दिवशी रांग मोडली, पण लोक चिडले ते अंड्यांवरून. पुढच्या गुरुवारी मठात नवी कुंडी होती, नवी जास्वंद होती आणि पाटी होती: 'शुद्ध शाकाहारी माती'. रांग पुन्हा रस्त्यापर्यंत गेली.

भैरू पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे. पाय घोट्यातून कापायचा की गुडघ्याखालून, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.